अपडेटचं विरजण

मुंबईच्या उपनगरातला मध्यमवर्गीय माणूस शेजाऱ्याकडे काय मागतो आणि काय मागत नाही, यावर कुणीतरी एकदा प्रबंध लिहायला हवा. पैसे तो मागत नाही. पैसे मागितले की संबंध बिघडतात, असं त्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. पण विरजण मागतो. कढीपत्त्याच्या दोन काड्या मागतो. शिडी मागतो, सायकलचा पंप मागतो, पाहुणे आले की दोन गाद्या मागतो, आणि गावाला जायचं असलं की लहान बॅग मागतो, ‘मोठी आमच्याकडे आहे हो’ असं वर सांगून. वर्तमानपत्र तर मागावंच लागत नाही. ते दाराच्या कडीतून परस्पर जातं आणि दुपारी चारला शब्दकोडं सुटलेल्या अवस्थेत परत येतं.

एके काळी आपण टेलिफोनसुद्धा शेजाऱ्याचा वापरत होतो. नव्या पिढीला हे खरं वाटणार नाही, पण लग्नपत्रिकेवर, व्हिजिटिंग कार्डावर, नोकरीच्या अर्जावर फोन नंबर लिहून त्यापुढे कंसात ‘पी.पी.’ अशी दोन अक्षरं लिहायची पद्धत होती. अर्थ असा की, हा नंबर आमचा नाही, शेजारच्यांचा आहे; पण ते भले लोक आहेत, आम्हाला हाक मारतील. अर्ज केल्यावर फोन यायला वर्षं लागत आणि तोवर अख्खा मजला एका फोनवर संसार करायचा. ज्यांच्या घरी फोन असे त्यांची मुलं जिने चढण्या-उतरण्यात तरबेज होत, आणि त्यांच्या मातोश्रींना इमारतीतल्या सोयरिकी, बदल्या आणि दुखणी खुद्द त्या त्या घराच्या आधी कळत.

शेजाऱ्याकडून घ्यायच्या वस्तूंच्या या यादीत अलीकडे एका वस्तूची भर पडली आहे. ती वाटीत मावत नाही, ताटलीने झाकता येत नाही, आणि ती परत करताना वाटीत साखर घालून द्यायचा प्रश्नच येत नाही. ती वस्तू म्हणजे संगणकाचं अपडेट.

अपडेट म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा. ज्यांना ठाऊक नाही त्यांनीही सोडला तरी चालेल, कारण संगणक एरवीही त्यांना विचारून काही करत नाही. संगणक चालतो तो ऑपरेटिंग सिस्टिम नावाच्या एका अदृश्य गृहिणीच्या जिवावर. कागद कुठल्या फडताळात ठेवायचा, छपाईयंत्राला कधी हाक मारायची, कोणाला दार उघडायचं आणि कोणाला ‘साहेब घरात नाहीत’ म्हणून सांगायचं, हे सगळं तीच बघते. तिचा संसार कोट्यवधी ओळींचा. एवढ्या मोठ्या संसारात कुठे ना कुठे उसवणारच. चोर ती उसवण शोधत असतात, कंपनीही शोधत असते, आणि सापडली की तिच्यावर ठिगळ लावून पाठवते. इंग्रजीत त्याला पॅच म्हणतात. आमची आजी ठिगळं रविवारी लावायची. मायक्रोसॉफ्ट मंगळवारी लावते. २००३ सालच्या ऑक्टोबरपासून त्यांनी नेमच धरला आहे, दर महिन्याचा दुसरा मंगळवार. सोमवार आवरासावरीला मिळतो आणि काही बिघडलंच तर शनिवार-रविवारच्या आत निस्तरायला हातात दिवस राहतात, असा त्यामागचा हिशेब. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा, थंडीच्या दिवसांत साडेअकरा. म्हणजे सिद्धिविनायकाच्या रांगेतून दमून भागून आलेला मुलुंडचा माणूस जेवून आडवा होतो, तेव्हा ही ठिगळं अमेरिकेतून निघतात.

ठिगळ घरोघर पोचवायचं काम आजच्याइतकं सोपं नव्हतं. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमातर्फे. मुहूर्त स्वातंत्र्यदिनाचा, पण ते यायचं टेलिफोनच्या तारेतून. त्यामुळे घरात इंटरनेट सुरू असलं की फोन पारतंत्र्यात जायचा. पुण्याहून आत्या तीन तास फोन फिरवतेय आणि इकडे एक चित्र वरून खाली इंच इंच उतरतंय, असा तो काळ. २००४ सालच्या ऑगस्टमध्ये विंडोज एक्सपीचं सर्व्हिस पॅक टू नावाचं भलंमोठं ठिगळ आलं. आकार सुमारे २६६ एमबी. टेलिफोनच्या तारेवरून, ती तार अगदी देवासारखी वागली असती तरी, ते उतरायला साडेदहा तास लागले असते. आणि मुंबईत, ऑगस्ट महिन्यात, पाऊस पडत असताना टेलिफोनची तार देवासारखी वागते असं म्हणणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

मग लोकांनी काय केलं? जे विरजणाचं करतात तेच. संगणकाच्या मासिकांबरोबर तेव्हा सीडी यायची. एकाने मासिक घ्यायचं आणि बावीस घरांनी सीडी वापरायची. आमच्या सोसायटीत ती सीडी सत्यनारायणाच्या प्रसादासारखी फिरली. तिच्यावर चहाचा एक गोल डाग पडला होता. ज्यांच्या घरून ती डागासकट आमच्याकडे आली त्यांनी ‘आमच्याकडे आली तेव्हा होताच’ असं सांगितलं. मीही पुढच्या घरी देताना तेच सांगितलं, आणि ते तर खरंच होतं.

त्याच सुमाराला उपनगरात एक नवी सुधारणा शिरली. केबलवाल्याने गच्चीवरून गच्चीवर, नारळाच्या झाडाला वळसा घालून, निळी-करडी तार ओढली आणि ती खिडकीच्या फटीतून घरात सोडली. त्या तारेतून इंटरनेट यायचं ते यथातथाच. पण गंमत अशी की अख्ख्या आळीचे संगणक एकमेकांना दिसायला लागले. विंडोज ९५ आणि ९८मध्ये पडद्यावर एक चित्र असे, त्याचं नाव ‘नेटवर्क नेबरहुड’. म्हणजे शेजारच! त्याच्यावर दोनदा टिचकी मारली की शेजारपाजार हजर. एकाच्या संगणकाचं नाव ‘पप्पा’, दुसऱ्याचं ‘गजानन-२’, तिसऱ्याचं ‘नवा’. ज्याने त्याने काय उघडं ठेवलंय ते दिसायचं, आणि आपल्या लोकांना दार लावायची सवय कुठली? कुणाच्या मुलीची पत्रिका, कुणाचा बायोडेटा, कुणाचं सोसायटीच्या चेअरमनविरुद्धचं निनावी पत्र (सहीसकट) असं सगळं वाचायला मिळायचं. चाळीच्या गॅलरीत जे चाले ते तारेवरून चालू झालं, इतकंच.

पुढच्या आवृत्त्यांमध्ये त्या चित्राचं नाव बदललं. ‘नेबरहुड’ जाऊन ‘माय नेटवर्क प्लेसेस’ आलं. शेजार गेला आणि ‘माझ्या जागा’ आल्या. नंतर व्हिस्टामध्ये तेही गेलं आणि नुसतं ‘नेटवर्क’ राहिलं. मुंबईच्या घरांचा इतिहास मला एवढ्या थोडक्यात दुसऱ्या कुणी सांगितलेला नाही. आधी चाळ, मग ओनरशिपचा ब्लॉक, आणि मग समोरच्या दारावर पाटीच नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एक खोली आहे. पूर्वी तिथे पाण्याच्या पंपाचं सामान, गणपतीचं मखर आणि कुणीही ‘आपली’ न म्हणणारी एक तीनचाकी सायकल असे. बी विंगमधल्या एका सद्गृहस्थांच्या कंपनीने जुने संगणक काढले, तेव्हा त्यांनी सहा संगणक टेम्पोत घालून आणले. मखर गच्चीवर गेलं, सायकल होती तिथेच राहिली, आणि नारळ फोडून ‘अभ्यासिका’ सुरू झाली. खजिनदारांनी तिथे इंटरनेटही घेतलं. योजना त्यांनीच निवडली होती : महिन्याला वीस जीबी भरधाव, आणि वीस संपले की पुढे बैलगाडी. ‘मुलांना एवढं पुष्कळ झालं,’ असं ते म्हणाले होते. २०१३ साली ते पुष्कळ होतंही. पुढे जग बदललं. योजना बदलली नाही. खजिनदारांचं मत असं की, जी गोष्ट चालू आहे ती बदलायला गेलं की पावती हरवते.

२०१८ सालच्या जूनमध्ये दहावीचा निकाल नुकताच लागला होता. मुंबईत अकरावीचे प्रवेश २००९पासून ऑनलाइन होतात. पूर्वी मुलाबरोबर बाप पाच कॉलेजांच्या खिडक्यांसमोर उन्हात उभा राहायचा. आता घरातलं सगळं खटलं एका पडद्यासमोर उभं राहतं. अर्जाचे दोन भाग. पहिल्यात माहिती, दुसऱ्यात कॉलेजांचा पसंतीक्रम. हा पसंतीक्रम म्हणजे स्थळं बघण्यासारखंच आहे. आपण कुणाला पसंत करतो याला फारसं महत्त्व नसतं.

आमच्या इमारतीत पाच घरी पोळ्या करणाऱ्या मावशी आहेत. त्या भांडुपच्या टेंभीपाड्यातून येतात. त्यांच्या मुलीला त्या वर्षी दहावीला चांगले मार्क मिळाले होते. किती, ते सांगत नाही. आमच्या चिरंजीवांना मिळाले होते त्यापेक्षा जास्त, एवढं पुरे. तिला मिठागर रोडवरचं वझे-केळकर हवं होतं आणि सायन्स हवं होतं. अर्जाचा दुसरा भाग ती अभ्यासिकेत बसून भरणार होती. मुदतीचे दिवस बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

आणि त्यातच जूनचा दुसरा मंगळवार आला, १२ तारीख. शिवाय त्या दिवसांत विंडोज १०चं सहामाही मोठं अपडेटही घरोघर उतरत होतं. बुधवारी सकाळी नऊला अभ्यासिकेचं कुलूप उघडलं, मुलांनी सहाही संगणक सुरू केले, आणि त्या सहा जणांनी, एकमेकांना न विचारता, एकच वस्तू सहा वेळा मागवली. तीन-साडेतीन जीबी गुणिले सहा. हे कसं झालं, ते कुणाही गृहिणीला लगेच कळेल. घरातली सहा माणसं कामावरून येताना सहा ठिकाणांहून प्रत्येकी एक जुडी कोथिंबीर घेऊन आली, असं ते होतं. दुपारी तीनपर्यंत महिन्याचा कोटा संपला. बैलगाडी सुरू झाली.

मुलगी चारला आली. कॉलेजांची नावं तिने वहीत सुवाच्य अक्षरात लिहून आणली होती, कोडनंबरांसकट. पडद्यावर एक चक्र फिरत होतं. ती बघत बसली. पान निम्मं उघडायचं, ती पहिलं कॉलेज निवडायची, आणि ‘वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा’ अशी पाटी यायची. ती पुन्हा सुरुवात करायची. तिने एकदाही कुणाला हाक मारली नाही. सातच्या सुमाराला शेवटच्या घरच्या पोळ्या आटोपून मावशी खाली आल्या. हाताला अजून पीठ होतं. दारातूनच त्यांनी विचारलं, ‘झालं का गं?’ मुलगी म्हणाली, ‘होतंय.’ त्या ‘होतंय’मध्ये जे होतं, ते ऐकून माझ्यासारखा, केवळ पंपाचं बटण दाबायला खाली आलेला माणूसही तिथे थबकला.

उपनगरातल्या इमारतीत एक माणूस जिन्यापाशी थबकला की पाच मिनिटांत दहा माणसं जमतात. जमली. प्रत्येकाने पडद्याकडे बघून ‘स्लो आहे’ असं निदान केलं. त्यात पहिल्या मजल्यावरच्या काकू पुढे झाल्या आणि म्हणाल्या, ‘माझ्या मोबाईलमध्ये रोजचा दीड जीबी येतो. मी त्यातनं नुसतं सुप्रभात पाठवते. हा घ्या.’ आमच्या चिरंजीवांना वरून बोलावण्यात आलं. ते संगणकाचं शिकलेले आहेत आणि म्हणून घरात संगणकाबद्दल बोलत नाहीत. त्यांनी काकूंचा मोबाईल वायरीने संगणकाला जोडला. जोडताक्षणी संगणकाने काकूंच्या दीड जीबीकडे, उपास सोडायला बसलेला माणूस साबुदाण्याच्या खिचडीकडे बघतो तसं पाहिलं आणि उरलेलं अपडेट मागवायला घेतलं. ‘थांब!’ चिरंजीव ओरडले. त्यांनी कुठेतरी जाऊन ‘हे कनेक्शन मोजून मिळतं’ अशी खूण केली. (अशी सोय असते. ती केली की संगणक पाहुण्यासारखा बेताने जेवतो.) साडेसातला अर्ज गेला. काकूंनी मुलीला सुप्रभातचा एक संदेश पाठवला. संध्याकाळ होती, पण त्यांच्याकडे दुसरा तयार नव्हता.

हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, हा प्रश्न सर्वसाधारण सभेपुढे आला. विषय क्रमांक ५ : ‘अभ्यासिकेतील संगणकांनी एकमेकांस अपडेट देणेबाबत.’ क्रमांक ४ पार्किंगचा होता आणि ६ कबुतरांना दाणे टाकण्याचा, त्यामुळे सभासद आधीच तापलेले आणि पुढेही तापायला तयार होते.

चिरंजीवांनी मांडलं ते असं. विंडोज १० जुलै २०१५मध्ये आलं, तेव्हापासून त्यात ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ नावाची सोय आहे. एकाच राउटरवर असलेल्या संगणकांपैकी एकाकडे जे तुकडे आले, ते बाकीच्यांनी त्याच्याकडून घ्यायचे. सगळे एकदम सुरू झाले तरी हरकत नाही. एकाने काही तुकडे आणायचे, दुसऱ्याने दुसरे, आणि मग आपसात वाटून घ्यायचे.

‘म्हणजे धीम्या गाडीतल्या पेपरासारखं,’ तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त चाकरमाने म्हणाले. ‘पेपर एकाचा. खेळाचं पान त्याच्याकडे, अग्रलेख ह्याच्याकडे, निधनवार्ता माझ्याकडे. घाटकोपरपर्यंत सगळ्यांचा सगळा पेपर वाचून व्हायचा.’

सेक्रेटरींनी ते पाण्याच्या भाषेत सांगितलं, कारण आमच्या सोसायटीत पाण्याची भाषा सगळ्यांना येते. ‘भांडुपच्या शुद्धीकरण संकुलातून महापालिकेचं पाणी येतं ते आधी खालच्या टाकीत येतं की नाही? मग वरच्या टाकीत, मग घरोघर. प्रत्येकाने आपापली बादली घेऊन भांडुपला जायचं ठरवलं तर काय होईल?’

सभेने क्षणभर भांडुपच्या रस्त्यावर बादल्यांची रांग डोळ्यांसमोर आणली आणि माना हलवल्या. मोठ्या कचेऱ्यांत हेच चालतं, असंही चिरंजीव म्हणाले. तिथे एक स्वतंत्र संगणक कोठीघर सांभाळतो आणि बाकीच्यांना शिधा वाटतो. अॅपलवाल्यांनीही २०१७ साली ही कोठीची सोय साध्या घरगुती मॅकमध्ये आणून ठेवली.

पण विरोध नाही तर सभा कसली? खजिनदार उठले. ‘एकाने आणायचं आणि पाचांनी फुकट खायचं, हे मला तत्त्वतः मान्य नाही. आणणाऱ्याचं वीजबिल कोण भरणार?’ सहाही संगणकांचं वीजबिल सोसायटीच भरते, हे त्यांच्या लक्षात आणून देण्यात आलं. त्यांनी तत्त्व मागे घेतलं, पण ‘नोंद करा’ म्हणाले.

मग एका ताईंनी विचारलं, ‘आपले फोटो, बँकेची कागदपत्रं पण अशीच शेजाऱ्याकडे जाणार का?’ हा प्रश्न योग्य होता. जात नाहीत. फक्त अपडेटचेच तुकडे जातात-येतात. घरातल्या कपाटाला हात लागत नाही. मात्र या सोयीत दोन कळी आहेत. एक, फक्त आपल्या आतल्या जाळ्यातल्यांना द्यायचं. दुसरी, इंटरनेटवरच्या अनोळखी संगणकांनाही द्यायचं. २०१५ साली घरगुती विंडोजमध्ये ही दुसरी कळ आपोआप चालू असायची आणि त्यावर जगभर बरीच ओरड झाली होती. आपल्या पाणपोईवर वाटसरूने पाणी प्यावं हे पुण्यच आहे, पण पाणपोई आपल्या दारात आहे हे आधी आपल्याला कळवावं, एवढीच लोकांची मागणी होती. आम्ही पहिली कळ ठेवायचं ठरवलं.

खरी तोफ डागली ती तळमजल्यावरच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या आहेत. ते म्हणाले, ‘मागच्या वर्षी जे झालं ते विसरलात? शेजाऱ्याच्या हातची वस्तू घ्यायची, तर ती चोख आहे हे कोण बघणार?’

मागच्या वर्षी जे झालं होतं ते खरोखरच विसरण्यासारखं नव्हतं. १२ मे २०१७ला ‘वॉनाक्राय’ नावाचा किडा जगभर पसरला. आतल्या जाळ्यात एक संगणक सापडला की तिथून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. कागदपत्रं कुलूपबंद, आणि किल्लीसाठी खंडणी. इंग्लंडातल्या सरकारी इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले. आणि यातली गोम अशी की, त्या भोकावरचं ठिगळ १४ मार्चलाच, दुसऱ्या मंगळवारी, निघालं होतं. ज्यांनी दोन महिने लावलं नाही ते सापडले. तो धुरळा खाली बसतो न बसतो तोच २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला, आणि तो तर थेट आपल्या खाडीपलीकडे, न्हावा-शेव्याला. जवाहरलाल नेहरू बंदरातला एक टर्मिनल ठप्प झाला, कारण तो चालवणारी कंपनी ज्या जागतिक समूहातली, त्याचे संगणक जगभर एकदम बसले होते. हा किडा मुळात सुटला कुठून? युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे विरजणच नासवून ठेवलेलं! दही लावायला म्हणून लोकांनी घेतलं आणि भांडीच्या भांडी गेली.

सभा गप्प झाली. कबुतरांच्या बाजूचे आणि विरुद्धचे एकमेकांकडे बघू लागले. चिरंजीवांनी घसा साफ केला आणि मला प्रथमच असं वाटलं की त्याच्या शिक्षणावरचा खर्च अगदीच वाया गेला नसावा.

‘काका,’ तो म्हणाला, ‘पुडी शेजाऱ्याकडून आणायची, पण वजन वाण्यानेच सांगितलेलं. कंपनी प्रत्येक संगणकाला थेट, मोहोरबंद, एक यादी देते : या तुकड्याचं वजन अमुक, त्या तुकड्याचं तमुक. तुकडा शेजाऱ्याकडून येऊ दे. आपण आपल्या तराजूत घालायचा. यादीशी जुळलं तर ठेवायचा, नाहीतर फेकून द्यायचा आणि कंपनीकडून नवा मागवायचा. आणि हे वजन असं आहे की पुडीतला एक दाणा जरी कुणी बदलला तरी आकडा पार बदलतो. शेजाऱ्यावर विश्वास ठेवावाच लागत नाही.’

‘मग नॉटपेट्याचं काय?’ बँक अधिकारी सोडणार थोडेच!

‘तिथे वाण्याच्याच दुकानात चोर शिरला होता. शेजारी बिचारा निर्दोष होता. दुकानदारच लुटला गेला तर भांडुपला स्वतः बादली घेऊन जाऊनही तेच पाणी मिळणार. आणि वॉनाक्रायमध्ये जे बुडाले ते ठिगळ उशिरा लावल्यामुळे. म्हणून तर ते लवकर आणि सगळ्यांना मिळायला हवं. सहापैकी पाचांनी लावलं आणि एक राहिला, तर घरात शिरायला चोराला तेवढी एक खिडकी पुरते.’

बँक अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. सही जुळल्याची ती खूण होती. ठराव बहुमताने मंजूर झाला. खजिनदार तटस्थ राहिले. पुढे कबुतरांचा विषय निघाला, त्याबद्दल न लिहिलेलंच बरं.

जुलैच्या दुसऱ्या मंगळवारनंतर आम्ही सगळे अभ्यासिकेत जमलो, लहान मूल पहिल्यांदा चालताना बघायला जमावं तसे. सेटिंगमध्ये एक पान असतं. त्यावर या महिन्यात कंपनीकडून किती आलं आणि आतल्या जाळ्यातल्या संगणकांकडून किती, याचा हिशेब दिसतो. सहाही पडद्यांवर ‘शेजाऱ्यांकडून’ हा आकडा मोठा होता. कोटा शाबूत होता. काकूंनी आपला मोबाईल तयारीनिशी आणला होता. तो लागला नाही म्हणून त्या किंचित खट्टू झाल्या. मुलीला दुसऱ्या पसंतीचं कॉलेज मिळालं, पण सायन्स मिळालं. मावशींनी पाचही घरी पेढे दिले. आमच्याकडे देताना म्हणाल्या, ‘त्या दिवशी पंपाचं बटण दाबायला तुम्ही बरे आलात.’ माझ्या समाजसेवेचा एवढा नेमका गौरव त्याआधी किंवा त्यानंतर झालेला नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. विंडोज १०ची ठिगळं १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. तोही मंगळवार, आणि तोही दुसराच. दिवाळीच्या तोंडावर, फराळाचे डबे भरायच्या दिवसांत ही बातमी आली. वर्षभराची मुदतवाढ नाव नोंदवून मिळत होती, पण पुढच्या विंडोज ११ला नवी प्रोसेसर लागते आणि टीपीएम नावाची सुरक्षेची चिप लागते. आमचे सहा संगणक त्या परीक्षेत सामुदायिकरीत्या नापास झाले. ‘भंगारात घाला,’ खजिनदार म्हणाले. त्यांनी भावही काढून ठेवला होता. शिवाय इमारत पुनर्विकासाला जायची बोलणी चालू आहेत. बिल्डरच्या गुळगुळीत पुस्तिकेत जिम आहे, योगासनांचं दालन आहे, प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र फायबर आहे. अभ्यासिका नाही. ज्याला त्याला स्वतःचा नळ असल्यावर टाकी हवी कोणाला?

संगणक भंगारात गेले नाहीत. मावशींच्या मुलीने ते अडवले. ती आता ऐरोलीला संगणकाच्याच कंपनीत नोकरी करते आणि रविवारी येऊन अभ्यासिकेत दहावीच्या मुलांना शिकवते. तिने दोन रविवार बसून सहाही संगणकांवर लिनक्स घातलं. ते फुकट मिळतं आणि म्हाताऱ्या संगणकांशी प्रेमाने वागतं. त्यातही तिने कोठाराची सोय केली आहे. एक संगणक बाहेरून पाकिटं आणून साठवतो, बाकीचे पाच त्याच्याकडून घेतात. त्या कोठारवाल्या संगणकाला नाव द्यावं लागतं. तिने ‘शेजार’ असं दिलं. तिला नेटवर्क नेबरहुड वगैरे काही ठाऊक नाही. ते गेलं तेव्हा तिचा जन्मही झालेला नव्हता.

बिल्डरला द्यायच्या मागण्यांच्या यादीत बारा बाय दहाची एक खोली जिमच्या शेजारी लिहायची की नाही, हे येत्या सभेत ठरायचं आहे. मतं निम्मी-निम्मी आहेत आणि सगळं आता खजिनदारांवर आहे. गेल्या रविवारी ते ‘फक्त बघायला’ म्हणून खाली आले. मुलीने त्यांना ‘शेजार’चा हिशेब पडद्यावर दाखवला : बाहेरून आणलं एक जीबी, आत वाटलं पाच जीबी. खजिनदारांनी चष्मा सरसावून दोनदा वाचलं.

‘हे जुळत नाही,’ ते म्हणाले. ‘जमा एक आणि खर्च पाच?’

‘जुळतं, काका,’ मुलगी म्हणाली. ‘दिलं तरी हे कमी होत नाही.’

खजिनदार बराच वेळ पडद्यापुढे उभे होते. चाळीस वर्षं सोसायटीच्या वह्या लिहिल्या, पण असं खातं त्यांच्या पाहण्यात नव्हतं. शेवटी त्यांनी खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, ‘एक प्रिंट दे. ऑडिटर विचारेल.’